लिबिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूगोलाच्या तासाला मुलं विचारतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विचारतात, आणि आखातात किंवा आफ्रिकेत नोकरी शोधणाऱ्यांच्या घरची माणसं काळजीने विचारतात. लिबियाबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत. बहुतेकांना गद्दाफी आणि तेल एवढंच माहीत असतं. ते चुकीचं नाही, पण त्यावरून हा देश समजत नाही. लिबियाची दोन्ही मोठी संपत्ती, पाणी आणि तेल, जमिनीच्या पोटात आहे, वस्तीपासून शेकडो किलोमीटर दूर आहे आणि एकदा उपसली की पुन्हा भरणारी नाही. ती वर काढणार कोण आणि वाटणार कोण, हा प्रश्न पुढच्या बहुतेक उत्तरांत कुठे ना कुठे येईल.

लिबिया कुठे आहे आणि केवढा आहे?

उत्तर आफ्रिकेत, भूमध्य समुद्राच्या दक्षिण काठावर. पूर्वेला इजिप्त, आग्नेयेला सुदान, दक्षिणेला चाड आणि नायजर, पश्चिमेला अल्जीरिया, वायव्येला ट्युनिशिया. क्षेत्रफळ सुमारे १७ लाख ६० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या निम्म्याहून थोडं जास्त. महाराष्ट्राएवढी पाच राज्यं मांडूनही जागा उरेल. आफ्रिकेत अल्जीरिया, काँगो लोकशाही प्रजासत्ताक आणि सुदान यांच्यानंतर क्षेत्रफळात याचाच क्रमांक. किनारा जवळपास १,७७० किलोमीटरचा. आफ्रिकेतल्या दुसऱ्या कोणत्याही देशाला भूमध्य समुद्राचा एवढा काठ लाभलेला नाही.

आणि लोकसंख्या? ७० लाखांच्या आसपास. एकट्या मुंबईत याहून कितीतरी जास्त माणसं राहतात. त्यातलीही बहुतेक किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत, त्रिपोली, मिस्राता, बेनगाझी अशा शहरांत. त्रिपोलीपासून इटलीचं लाम्पेदुसा बेट तीनशे किलोमीटरच्या आत आहे, पण त्याच त्रिपोलीहून आपल्याच देशातल्या कुफ्रा मरूद्यानात जायचं तर प्रवास त्याच्या चौपटीहूनही लांब पडतो. लिबियाचं राजकारण समजून घेताना ही दोन अंतरं लक्षात ठेवावीत.

सगळा देश वाळवंटच आहे का?

नव्वद टक्क्यांहून अधिक भाग वाळवंट आहे. पण आपल्या डोळ्यांसमोर येतात तशा वाळूच्या टेकड्या सगळीकडे नाहीत. दक्षिणेत उबारी आणि मुर्झुक इथे वाळूचे अफाट समुद्र आहेत खरे. पण मोठा भाग उघड्या खडकाळ पठारांचा आहे, त्यांना तिथे हमादा म्हणतात. बारीक खडीने झाकलेल्या सपाट मैदानांना सरीर म्हणतात. चालत्या गाडीतून तासन्‌तास एकच आडवी रेघ दिसत राहावी, अशी ही मैदानं.

उबारीच्या वाळूत मात्र मन थबकतं. उंच टेकड्यांच्या कुशीत खारट पाण्याची तळी आहेत, भोवती खजुराची झाडं. एका तळ्याचं नाव ‘उम्म अल-मा’, म्हणजे पाण्याची आई. आणखी आग्नेयेला ‘वाव अन-नामूस’ हे ज्वालामुखीचं मुख आहे. भोवती काळ्या राखेचं वर्तुळ, आत लहानशी तळी आणि बोरू. नावाचा अर्थ डासांचं मरूद्यान. पाणी असेल तिथे डास आलेच, सहारातही.

हिरवा भागही आहे. बेनगाझीच्या पूर्वेला जबल अल-अख्दर, म्हणजे हिरवा डोंगर. भूमध्य समुद्रावरून येणारे ढग तिथे अडतात, हिवाळ्यात चांगला पाऊस पडतो, उतारांवर जुनिपरची झाडी आहे. पश्चिमेला त्रिपोलीच्या दक्षिणेस नफूसा डोंगररांग, तिथे ऑलिव्ह आणि अंजीर होतात. देशातलं सर्वांत उंच शिखर पार दक्षिणेला चाडच्या हद्दीजवळ आहे : बिक्कू बिट्टी, २,२६७ मीटर, कळसूबाईपेक्षा सहाशे मीटरने उंच.

वाळवंटातून किनाऱ्याकडे सुटणाऱ्या गरम, धुळीच्या वाऱ्याला लिबियात ‘गिब्ली’ म्हणतात. तो सुटला की काही तासांत हवा तापते आणि समोरचं दिसेनासं होतं.

जगातलं सर्वांत जास्त तापमान लिबियात नोंदलं गेलं होतं ना?

जुन्या पुस्तकांत तसंच आहे : अल-अझीझिया, १३ सप्टेंबर १९२२, ५८ अंश सेल्सिअस. पण जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्ये ही नोंद रद्द केली. तापमापक वाचण्यात निरीक्षकाची चूक झाली असावी असा निष्कर्ष निघाला. आता विक्रम कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या नावावर आहे, १० जुलै १९१३ चे ५६.७ अंश. परीक्षेला बसणाऱ्यांनी जुनी गाइडं दुरुस्त करून घ्यावीत.

एकही नदी नाही, मग पाणी येतं कुठून?

बारमाही नदी एकही नाही, हे खरं. पूर्वी विहिरी, झरे आणि पावसाच्या पाण्याची टाकी यांवर भागत असे. लोकसंख्या वाढली, किनाऱ्यावरच्या विहिरींचा उपसा वाढला आणि गोडं पाणी ओसरलं तिथे समुद्राचं खारं पाणी शिरू लागलं. कोकणात समुद्राकाठच्या विहिरी मचूळ होतात, तोच प्रकार.

उत्तर वाळवंटाखाली सापडलं. १९५० च्या दशकात तेल शोधण्यासाठी दक्षिणेत खोल विंधणं घेतली, तेव्हा कुफ्रा आणि आसपास प्रचंड भूजल लागलं. सहारा एके काळी हिरवा होता, पाऊस पडत होता. हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं ते पाणी वालुकाश्माच्या थरांत साठून राहिलं आहे. हा साठा लिबिया, इजिप्त, सुदान आणि चाड या चार देशांखाली पसरलेला आहे. त्याला जीवाश्म जल म्हणतात, कारण आज वरून त्यात जवळजवळ काहीच भर पडत नाही.

हे पाणी किनाऱ्यापर्यंत आणायला ‘महान मानवनिर्मित नदी’ प्रकल्प उभा राहिला. १९८४ मध्ये काम सुरू झालं. चार मीटर व्यासाचे काँक्रीटचे नळ, आत माणूस सहज उभा राहील एवढे, देशातच कारखाने उभारून तयार केले आणि वाळवंटात चर खणून पुरले. १९९१ मध्ये पाणी बेनगाझीत पोहोचलं, १९९६ मध्ये त्रिपोलीत. नळ खोदून जमिनीत पुरल्यामुळे बाष्पीभवन होत नाही. बांधकाम म्हणून माझ्या मते विसाव्या शतकातल्या सर्वांत धाडसी कामांत याची गणना व्हायला हवी; गद्दाफीच्या राजवटीवर कितीही राग असला तरी.

पण हे पाणी किती वर्षं पुरेल यावर जाणकारांचे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत, आणि वाळवंटातून येणारा नळ राखणंही सोपं नाही. २०११ नंतर विहिरींवरचे पंप आणि तारा चोरीला गेल्या, वीज वारंवार गेली. एप्रिल २०२० मध्ये एका सशस्त्र टोळीने दक्षिणेतलं नियंत्रण केंद्र ताब्यात घेऊन त्रिपोलीचं पाणी तोडलं. राजधानीतल्या लाखो घरांत नळ कोरडे पडले, तेही करोनाच्या पहिल्या लाटेत, सगळं जग हात धुवायला सांगत असताना.

नदीच नाही, मग देर्ना शहर पुरात वाहून कसं गेलं?

वाळवंटात नदी नसली तरी ‘वादी’ असतात. वादी म्हणजे एरवी कोरडं ठणठणीत पडलेलं ओढ्याचं पात्र. वर्षानुवर्षं पाणी येत नाही, म्हणून काठावर घरं होतात. आणि एखाद्या दिवशी सगळं पाणी एकदम येतं.

१० आणि ११ सप्टेंबर २०२३ ला ‘डॅनियल’ वादळ हिरव्या डोंगरावर थडकलं. अल-बैदा इथे चोवीस तासांत ४१४ मिलिमीटर पाऊस झाला. देर्ना शहराच्या मधोमध वादी देर्ना समुद्राला मिळते. तिच्यावर वरच्या अंगाला १९७० च्या दशकात बांधलेली दोन मातीची धरणं होती. त्यांना भेगा गेल्या आहेत, दुरुस्ती हवी, असं तज्ज्ञांनी आधीच लिहून ठेवलं होतं. दुरुस्ती झाली नाही. मध्यरात्रीनंतर दोन्ही फुटली. शहराचे भरवस्तीतले मोहल्ले झोपलेल्या माणसांसकट समुद्रात गेले. मृतांचा आकडा हजारोंत आहे आणि बेपत्ता असलेल्या हजारोंचा पत्ता कधी लागलाच नाही. १९६१ मध्ये पानशेत फुटलं त्याच्या आठवणी पुण्यात अजून सांगितल्या जातात. देर्नात ते रात्रीच्या अंधारात आणि कितीतरी पटींनी मोठं घडलं.

त्रिपोलितानिया, सायरेनायका, फेझान ही नावं सारखी येतात. ती काय आहेत?

लिबिया हे नाव एका देशाचं असलं तरी जमिनी तीन आहेत. पश्चिमेला त्रिपोलितानिया, पूर्वेला सायरेनायका (अरबीत बर्का), नैर्ऋत्येला फेझान. त्रिपोली आणि बेनगाझी यांच्यामध्ये रस्त्याने सुमारे हजार किलोमीटर, आणि मधोमध सिर्तच्या आखाताशी वाळवंट थेट समुद्राला भिडतं. त्यामुळे जुन्या काळापासून पश्चिमेचे लोक ट्युनिशियाकडे पाहत आले, पूर्वेचे इजिप्तकडे, आणि फेझानचे उंटांच्या तांड्यांबरोबर दक्षिणेकडे, नायजर आणि चाडकडे. ग्रीक पूर्वेला आले, फिनिशियन (आजच्या लेबनॉनकडचे दर्यावर्दी व्यापारी) पश्चिमेला. दोघांची सरहद्द जवळपास तिथेच पडली, जिथे २०२० मध्ये पूर्व आणि पश्चिमेच्या फौजा समोरासमोर थांबल्या : सिर्तच्या परिसरात. अडीच हजार वर्षांत भूगोलाने आपला आग्रह सोडलेला नाही.

तेल बहुतांशी पूर्वेला आणि दक्षिणेला, पाणी दक्षिणेला, माणसं आणि सरकारी कचेऱ्या पश्चिमेला जास्त. भांडणाचं मूळ इथे आहे.

प्राचीन काळात इथे कोण राहत होतं?

फार जुनी वस्ती आहे. आग्नेय अल्जीरियाला लागून असलेल्या अकाकुस डोंगरात हजारो वर्षांपूर्वीची शैलचित्रं आहेत : हत्ती, जिराफ, नंतर गुरांचे कळप, मग घोडे, शेवटी उंट. हवामान कसं कोरडं पडत गेलं, हे त्या भिंतींवर जनावरांच्या क्रमाने वाचता येतं. इजिप्तच्या लेखांत पश्चिमेच्या एका टोळीला ‘लिबू’ म्हटलं आहे, त्यावरून ग्रीकांनी लिबिया हे नाव घेतलं.

फेझानात गरामांत लोकांचं राज्य होतं, राजधानी गरामा. जमिनीखालून मैलोन्‌मैल बोगदे खणून ते भूजल शेतात आणत. रोमन लेखक त्यांना रानटी म्हणत, पण पुरातत्त्वज्ञांना तिथे शहरं, सिंचन आणि व्यापार सापडला. औरंगाबादच्या नहरी किंवा बीदरचं भुयारी पाणी पाहिलेल्यांना ती रचना ओळखीची वाटेल. पाणीपातळी खाली गेली आणि ते राज्यही मावळलं.

ग्रीकांनी इसवीसनपूर्व ६३१ च्या सुमारास हिरव्या डोंगरावर सायरीन शहर वसवलं. पृथ्वीचा परीघ सावलीवरून मोजणारा इरॅटोस्थिनीस या शहरात जन्मला. सायरीनची श्रीमंती सिल्फियम नावाच्या रानवनस्पतीवर होती. औषध म्हणून, मसाला म्हणून ती सोन्याच्या भावाने जाई, नाण्यांवर तिचं चित्र असे. तिची लागवड जमली नाही, आणि ओरबाडून ओरबाडून ती रोमन काळात दिसेनाशी झाली.

पश्चिमेला फिनिशियनांनी तीन बंदरं वसवली : ओइया, साब्राथा, लेप्टिस. तीन शहरं म्हणून त्रिपोलिस, आणि ओइया म्हणजेच आजचं त्रिपोली. लेप्टिसमध्ये जन्मलेला सेप्टिमियस सेव्हेरस १९३ साली रोमचा सम्राट झाला. त्याने आपल्या गावाला कमानी, सभागृह, बंदर असं भरभरून दिलं. पुढे शहर ओस पडलं, वाळूखाली गेलं, आणि वाळूनेच ते जपलं. भूमध्य समुद्राकाठी इतकं शाबूत रोमन शहर क्वचितच पाहायला मिळतं.

अरब आणि तुर्की काळाबद्दल थोडक्यात सांगाल का?

अरब सैन्य ६४० च्या दशकात इजिप्तमधून सायरेनायकात आलं. पण भाषा आणि जीवनरीत खोलवर बदलली ती अकराव्या शतकात, बनू हिलाल आणि बनू सुलैम या पशुपालक टोळ्या इथे आल्या तेव्हा. १५३० ते १५५१ त्रिपोली माल्टाच्या ख्रिस्ती सरदारांकडे होतं. १५५१ मध्ये ते ओटोमन तुर्कांनी घेतलं. १७११ ते १८३५ करमानली घराणं नावापुरतं तुर्कांचं, एरवी स्वतंत्र. समुद्रावर जहाजं अडवून खंडणी घेणं हा त्यांचा मोठा धंदा होता. त्यावरून अमेरिकेने १८०१ ते १८०५ त्यांच्याशी युद्ध केलं; नव्याने जन्मलेल्या त्या देशाची समुद्रापारची ही सुरुवातीची लढाई.

१८४३ मध्ये हिरव्या डोंगरावर सनूसी या सूफी पंथाची लिबियातली पहिली झाविया, म्हणजे मठ-शाळा, निघाली. वाळवंटातल्या विहिरी आणि तांड्यांचे मार्ग धरून अशा झाविया पसरत गेल्या. शिक्षण, न्यायनिवाडा, व्यापार सगळं त्यांच्याभोवती फिरू लागलं. पुढचा लढा याच जाळ्यावर उभा राहिला.

इटलीने लिबियात नेमकं काय केलं?

सप्टेंबर १९११ मध्ये इटलीने तुर्कांशी युद्ध पुकारलं. १ नोव्हेंबर १९११ ला जुलिओ गावोत्ती नावाच्या इटालियन वैमानिकाने त्रिपोलीजवळ ऐन झारा इथे विमानातून हाताने लहान बॉम्ब टाकले. विमानातून झालेला जगातला पहिला बॉम्बहल्ला तो. पुढच्या शंभर वर्षांत जगाने काय काय पाहिलं, त्याची सुरुवात लिबियाच्या जमिनीवर झाली.

तुर्क वर्षभरात निघून गेले, पण स्थानिक लोक वीस वर्षं लढत राहिले. सायरेनायकात त्यांचे पुढारी होते उमर मुख्तार, पेशाने कुराण शिकवणारे. सत्तरीच्या घरातला हा माणूस घोड्यावर बसून डोंगरात गनिमी काव्याने लढत होता. इटालियन सेनापती ग्राझियानीने डोंगर रिकामा करायचं ठरवलं : सुमारे एक लाख माणसांना, बायकामुलं आणि गुरांसकट, वाळवंटातल्या काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडलं, आणि इजिप्तच्या सरहद्दीवर शेकडो किलोमीटर तारेचं कुंपण घातलं. छावण्यांत हजारो माणसं उपासमारीने आणि रोगराईने मेली, गुरं तर जवळजवळ संपलीच. ११ सप्टेंबर १९३१ ला उमर मुख्तार पकडले गेले आणि पाच दिवसांनी सुलूक इथे, छावणीतल्या हजारो लोकांना जबरदस्तीने समोर उभं करून, त्यांना फाशी दिलं. आज दहा दिनारच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे. लिबियातल्या कोणत्याही गटाच्या माणसाला विचारा, हे एक नाव सगळ्यांचं आहे.

१९३४ मध्ये इटलीने तिन्ही प्रांत एकत्र करून त्यांना ‘लिबिया’ हे जुनं ग्रीक नाव दिलं.

देश स्वतंत्र कसा झाला?

दुसऱ्या महायुद्धात इटली हरली. जानेवारी १९४३ मध्ये ब्रिटिशांनी त्रिपोली घेतलं. फेझान फ्रेंचांकडे गेला. विजेत्यांचं एकमत होईना, म्हणून प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे गेला. तिथे नोव्हेंबर १९४९ मध्ये ठराव झाला आणि २४ डिसेंबर १९५१ ला सनूसी पंथाचे प्रमुख राजे इद्रिस यांच्या नेतृत्वाखाली संघराज्य म्हणून लिबिया स्वतंत्र झाला.

तेव्हा तो जगातल्या अत्यंत गरीब देशांत मोडत होता. निर्यातीत काय होतं? कागदासाठी लागणारं एस्पार्टो गवत, आणि वाळवंटात पडलेल्या रणगाड्यांचं भंगार. शिवाय ब्रिटन-अमेरिकेकडून येणारं लष्करी तळांचं भाडं. ज्या देशाला परक्यांच्या युद्धाचं मोडकं लोखंड विकून पोट भरावं लागलं, त्याच्या तळाशी काय दडलं होतं हे आठ वर्षांनी कळलं.

तेल कधी सापडलं आणि ते इतकं महत्त्वाचं का?

१९५९ मध्ये झेलतन इथे मोठा साठा लागला, १९६१ मध्ये ब्रेगा बंदरातून पहिली निर्यात झाली. दहा वर्षांच्या आत, १९७० मध्ये, उत्पादन दिवसाला तीस लाख पिंपांच्या वर गेलं. तो उच्चांक पुन्हा कधी गाठला गेला नाही. २०११ च्या आधी सुमारे १६ लाख होतं, अलीकडच्या शांत वर्षांत १२ ते १४ लाख पिंपं निघतं. सिद्ध साठे सुमारे ४८ अब्ज पिंपं, आफ्रिकेत सर्वांत जास्त.

हे तेल हलकं आणि कमी गंधकाचं आहे. अशा तेलातून पेट्रोल-डिझेल जास्त निघतं आणि शुद्धीकरणाला खर्च कमी येतो. त्यात बंदरं युरोपच्या समोर. १९६७ मध्ये सुएझ कालवा बंद पडला, तेव्हा आखाती तेलाला आफ्रिकेला वळसा घालून यावं लागलं आणि लिबियाचं तेल दोन-तीन दिवसांच्या अंतरावर होतं. किंमत वाढवून मागण्याचं बळ त्यातून आलं. मेल्लिता ते सिसिली अशी समुद्राखालची वायुवाहिनीही २००४ पासून आहे.

गद्दाफी चांगला होता की वाईट?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. १ सप्टेंबर १९६९ ला राजे परदेशी असताना सत्तावीस वर्षांच्या या लष्करी अधिकाऱ्याने सत्ता घेतली. परदेशी तळ बंद केले, तेल कंपन्यांकडून वाढीव वाटा मिळवला, शाळा, दवाखाने, घरं बांधली. २०१० मध्ये मानवी विकास निर्देशांकात लिबिया आफ्रिकेत पहिला होता. हे सगळं खरं आहे.

आणि हेही खरं : पक्ष काढणं गुन्हा होता, विरोधकांना जाहीर फाशी दिली जाई, परदेशात पळालेल्यांनाही गाठून मारलं जाई. १९९६ मध्ये त्रिपोलीच्या अबू सलीम तुरुंगात हजाराहून अधिक कैदी मारले गेले, आणि घरच्यांना कित्येक वर्षं कळवलंही नाही; आया मुलांसाठी कपडे आणि जेवण तुरुंगाच्या दारात देत राहिल्या. १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकर्बीवर झालेल्या विमान स्फोटात २७० जण गेले. त्याची जबाबदारी २००३ मध्ये लिबियाने स्वीकारली. चाडशी अनेक वर्षं निष्फळ युद्ध केलं.

माझं मत विचाराल तर त्याचा सर्वांत दूरगामी अपराध हा की त्याने संस्था उभ्या राहू दिल्या नाहीत. संविधान नाही, संसद नाही, सैन्यसुद्धा मुद्दाम दुबळं ठेवलेलं. सगळं एका माणसावर टांगलं होतं. तो पडला तेव्हा खाली धरायला काहीच उरलं नाही.

२०११ नंतर काय झालं? आता तिथे दोन सरकारं आहेत का?

फेब्रुवारी २०११ मध्ये बेनगाझीत अबू सलीम तुरुंगात मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांच्या वकिलाला अटक झाली आणि लोक रस्त्यावर आले. १७ मार्चला सुरक्षा परिषदेने लष्करी कारवाईला वाट मोकळी करणारा ठराव केला; भारत, चीन, रशिया, ब्राझील आणि जर्मनी तटस्थ राहिले. नाटोची विमानं आली. २० ऑक्टोबरला सिर्तमध्ये गद्दाफी मारला गेला.

२०१२ ची निवडणूक उत्साहात झाली, पण बंदुका टोळ्यांच्याच हाती राहिल्या. २०१४ पासून देश दुभंगला. एप्रिल २०१९ मध्ये पूर्वेचे सेनानी खलिफा हफ्तार यांनी त्रिपोलीवर चाल केली, ती चौदा महिन्यांनी फसली. ऑक्टोबर २०२० मध्ये युद्धबंदी झाली आणि मोठी लढाई थांबली. २४ डिसेंबर २०२१ ची निवडणूक मात्र ऐनवेळी लांबणीवर पडली. त्रिपोलीत संयुक्त राष्ट्रांची मान्यता असलेलं सरकार आणि पूर्वेला संसद व हफ्तार यांचा वरचष्मा, अशी विभागणी त्यानंतरही चालूच राहिली.

मग अर्थव्यवस्था चालते कशी?

तेल विकण्याचा अधिकार एकट्या राष्ट्रीय तेल महामंडळाला आहे आणि पैसा त्रिपोलीच्या मध्यवर्ती बँकेत येतो. निर्यातीच्या उत्पन्नात तेल-वायूचा वाटा नव्वद टक्क्यांहून जास्त. या पैशातून दोन्हीकडच्या सरकारी नोकरांचे पगार होतात. कमावत्या माणसांतले बहुसंख्य सरकारी पगारावर आहेत. एकमेकांवर बंदुका रोखणाऱ्यांनाही पगार त्याच बँकेतून आला आहे.

म्हणून भांडणात तेलाचा वाल्व हेच हत्यार. २०१३ पासून तीन वर्षं पूर्वेची मोठी बंदरं बहुतेक काळ बंद राहिली. २०२० मध्ये आठ महिने तेल अडवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर कोण यावरून वाद पेटला आणि पुन्हा विहिरी बंद झाल्या.

पेट्रोलचा सरकारी भाव लिटरला ०.१५ दिनार, आपले दोन-तीन रुपये. पाण्याच्या बाटलीपेक्षा स्वस्त. त्यामुळे ते टँकर भरभरून चोरट्या वाटेने देशाबाहेर जातं, आणि दक्षिणेत, जिथे तेल निघतं तिथेच, सबहाच्या लोकांना ते काळ्या बाजारात कितीतरी पट भावाने घ्यावं लागतं. सबहा हेच युरोपकडे निघालेल्या आफ्रिकी स्थलांतरितांच्या वाटेवरचं ठाणं. त्या माणसांना डांबून खंडणी मागणं हा तिथे धंदा झाला आहे, आणि याबद्दल लिहिताना हात जड होतो.

लोक कोण आहेत, खातात काय?

बहुसंख्य अरबी बोलणारे सुन्नी मुस्लिम. नफूसा डोंगरात आणि झुवारात अमाझीग, गात-उबारीकडे तुआरेग, कुफ्रा-मुर्झुककडे तेबू. गद्दाफीच्या काळात अमाझीग भाषेला शाळेत, फलकांवर बंदी होती; आता ती मोकळेपणी लिहिली जाते.

घरचं खास जेवण म्हणजे बझीन. सातूचं पीठ शिजवून, लाकडी दांड्याने घोटून घट्ट गोळा करायचा, मधोमध ठेवून भोवती मटणाचा लाल रस्सा, आणि सगळ्यांनी एकाच थाळीतून हाताने खायचं. ज्वारीची उकड खाणाऱ्या माणसाला ते परकं वाटणार नाही. इटालियनांची आठवण म्हणून मॅकरोनी, तीही तिखट. चहा काळा, दाट, उंचावरून ओतून फेस आणलेला. शेवटच्या पेल्यात शेंगदाणे किंवा बदाम.

गदामिस या वाळवंटी गावात गल्ल्या वरून झाकलेल्या आहेत, भर उन्हाळ्यात आत गारवा. आणि गच्च्या एकमेकींना जोडलेल्या, तो बायकांचा रस्ता. युनेस्कोने २०१६ मध्ये लिबियाची पाचही वारसास्थळं धोक्याच्या यादीत टाकली होती. २०२५ मध्ये गदामिस त्यातून बाहेर आलं.

भारताचा, महाराष्ट्राचा लिबियाशी काही संबंध आहे का?

आहे. २०११ मध्ये सुमारे १८ हजार भारतीय तिथे बांधकाम, तेल, रुग्णालयं आणि विद्यापीठांत काम करत होते. २६ फेब्रुवारीपासून एअर इंडियाची विमानं, भाड्याची जहाजं आणि नौदलाच्या ‘जलाश्व’ व ‘म्हैसूर’ या नौका लावून १५ हजारांहून अधिक जणांना परत आणलं. बेनगाझीतून समुद्रमार्गे अलेक्झांड्रिया आणि तिथून विमानाने घर, अशी अनेकांची वाट होती.

त्याआधीचा धागा १९४२ चा. तोब्रुक बंदराच्या संरक्षक फळीत अकरावी भारतीय ब्रिगेड होती आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण. २० जून १९४२ ला पहाटे जर्मन सेनापती रोमेलने आपला सगळा जोर आग्नेयेच्या बाजूवर टाकला, आणि तो भाग याच ब्रिगेडकडे होता. आधी बॉम्बफेकी विमानं, मागोमाग रणगाडे. मराठा पलटणीचे खंदक पहिल्या धडकेत सापडले. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं, तेहतीस हजारांच्या आसपास सैनिक कैद झाले. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या घरांतून गेलेली पोरं आधी वाळवंटातल्या आणि मग इटलीतल्या छावण्यांत गेली.

इजिप्त आणि लिबियाच्या रणात पडलेल्या ज्या सैनिकांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला, अशा सहाशेहून अधिक जणांचं स्मारक इजिप्तमधल्या एल अलामेनच्या युद्धस्मशानात आहे. कोणाच्या आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव त्या काळात ‘बेपत्ता’ म्हणून घरी कळवलं गेलं असेल, तर राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या नोंदींत नाव, पलटण आणि तारीख देऊन ते शोधता येतं.